आज काय म्हणाले डॉक्टर?

माझी वहिनी दिवसभर खुर्चीत बसून लोकांच्या आजारांना नंबर देते. खोटं नाही, हेच तिचं काम. मोडलेला हात असो, मुतखडा असो, नाहीतर कुणाला चावलेलं कुत्रं असो, प्रत्येकाला एकेक कोड. पेशंटला ती बघत नाही, सुई टोचत नाही, गोळी देत नाही. डॉक्टरांनी फाइलमध्ये काय लिहिलंय ते वाचायचं आणि नियमाप्रमाणे त्याचा कोड बसवायचा. लग्न होऊन आली तेव्हा मी दादाला म्हटलं होतं, "म्हणजे ही आजारांची कारकून!" तिने ते ऐकलं आणि म्हणाली, "बरोबर." मला जरा भांडायचं होतं, तर ही बाई 'बरोबर' म्हणून मोकळी.

मी शाळेची बस चालवते. पोरं मला भोंगाबाई म्हणतात, आणि ते हॉर्नमुळे नव्हे, हे मलाही कळतं. माझी जीभ म्हणजे उचलली आणि लावली टाळ्याला. वहिनी अगदी उलट. तिच्या धंद्याचा एक नियम तर तिच्या अंगात भिनलाय: डॉक्टरांना शंका विचारायची तर प्रश्नात उत्तर घालायचं नाही. 'हा मधुमेहच ना?' असं विचारायचं नाही. 'या रिपोर्टचा अर्थ काय, ते कृपया स्पष्ट करावं,' असं विचारायचं. घरातही तेच. भाजी खारट झाली की दुसरी कुणी विचारेल, "मीठ जास्त पडलं का?" ही विचारते, "जेवताना काही जाणवलं का?" दादा म्हणतो, "जाणवलं. तहान."

असं आमचं चाललं होतं. मग मला ताप भरला.

ताप, कोरडा खोकला आणि अंगाला अशी खाज की स्टिअरिंग सोडून पाठ खाजवावीशी वाटे. मी आपली अंगावर काढत राहिले. एके दिवशी बस लावून खाली उतरले आणि दम लागून पायरीवरच बसले. दादाने उचलून वहिनीच्याच रुग्णालयात नेऊन टाकलं. रक्त तपासलं तर इओसिनोफिल नावाच्या पेशी भलत्याच वाढलेल्या. हे नाव नीट उच्चारायला मला दोन दिवस लागले. मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, "या पांढऱ्या पेशी. प्रत्येकाच्या रक्तात थोड्या असतातच. तुमच्यात खूप झाल्यात. का झाल्यात ते शोधायचं. ॲलर्जी असेल, एखादं औषध बाधलं असेल, आणखीही कारणं असतात. एक रक्ताचा आजारही असतो, त्यात या पेशी हृदयाला इजा करतात." बाकीचं सगळं माझ्या एका कानातून गेलं आणि दुसऱ्यातून बाहेर आलं. हृदय तेवढं आत राहिलं.

वहिनीची कोडिंगची खोली त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. काम संपलं की ती वर यायची, पलंगाशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसायची आणि विचारायची, "आज काय म्हणाले डॉक्टर?"

रोज. न चुकता. माझ्या डोक्यात तिडीक जायची. सगळ्या रुग्णालयाच्या फाइली हिच्या कॉम्प्युटरवर. माझ्या रक्तात काय आहे ते मला कळायच्या आधी हिला कळत असणार. आणि वर मलाच विचारते! ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते कशाला?

"तुला खाली दिसतं की सगळं," मी म्हणायचे.

"तू सांग ना, ताई." मी तिच्याहून धाकटी, तरी पहिल्या दिवसापासून ती मला ताईच म्हणते.

"म्हणाले, अजून जिवंत आहे."

ती मान हलवायची आणि माझ्या पायावरचं पांघरूण सारखं करायची. दादा म्हणाला, "ती घरी धड जेवत नाहीये गं." मी म्हटलं, "मग मीठ जास्त पडत असेल."

ताप उतरला, दम कमी झाला, मला घरी सोडलं. एक तपासणी बाहेर पाठवलेली, तिचा रिपोर्ट यायचा होता. म्हणून मोठ्या डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदावर प्रामाणिकपणे लिहिलं, की रक्ताचा तो आजार 'संभाव्य' आहे. त्या आजाराचं नाव इतकं लांबलचक, की बसच्या पाटीवर मावलं नसतं.

मग रिपोर्ट आला. डॉक्टरांनी बोलावून घेतलं आणि हसत हसत सांगितलं, "बाई, जंत आहेत."

"काय आहेत?"

"जंत. मातीतून पायाच्या कातडीवाटे शिरतात. अनवाणी फिरता का?"

मागच्या परसात मी अनवाणीच माती उकरते, माझी टोमॅटोची रोपं आहेत तिथे. पण जंत! ते लहान पोरांना होतात! माझ्या बसमधल्या पोरांना होतात! इकडे बसवाल्या सगळ्या मंडळींनी माझ्यासाठी हळहळून घेतलेलं, एकीने तर माझा हात धरून अश्रू ढाळलेले, आणि आता मी त्यांना जंत सांगू? मी महिनाभर घराबाहेर कुणाला काही बोलले नाही. गोळ्या घेतल्या, पुन्हा रक्त तपासलं, पुन्हा तपासलं, इओसिनोफिल उतरत उतरत जागेवर आले. डॉक्टरांनी ओपीडीच्या कागदावर 'जंतांमुळे वाढले होते, आता बरे' असं लिहिलं. संपला विषय, असं मला वाटलं.

कसला संपतोय! पोरांची बस चालवणाऱ्याला दरवर्षी परवाना कार्यालयातल्या डॉक्टरांकडून तंदुरुस्तीचा दाखला लागतो. मी ऐटीत गेले. त्या डॉक्टरांनी माझा रुग्णालयातला कागद मागवलेला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्हाला रक्ताचा आजार आहे. हृदयाला धोका आहे. प्रवासी गाडी चालवता येणार नाही."

"अहो, ते जंत होते!" मी ओरडले. बाहेरच्या बाकावरचे सगळे ट्रकवाले आत वाकून बघायला लागले. ज्या शब्दाची महिनाभर लाज वाटली तो मी तिथे भोंग्यासारखा वाजवला.

"इथे तसं नाही," डॉक्टर म्हणाले. "भरती असतानाचा कोड रक्ताच्या आजाराचा आहे, ओपीडीच्या कागदाने तो बदलत नाही. चूक असेल तर रुग्णालयाकडून दुरुस्ती आणा. मी तुमच्या शब्दावर चाळीस मुलं तुमच्या हाती कशी देऊ?"

शाळेनेही सांगितलं, सुट्टी संपेपर्यंत दाखला आणा, नाहीतर बस बदलीवाल्याला कायमची. बदलीवाला! तो ब्रेक असा मारतो की मागच्या बाकावरची पोरं पुढच्या बाकावर येतात. ती बस माझी होती. मला नवरा नाही, मूल नाही. सकाळी दार उघडलं की चाळीस तोंडं एकदम बोलायला लागतात, तेच माझं गोकुळ. ते गेलं असतं तर मी काय टोमॅटो मोजत बसले असते?

घरी येऊन मी तो नकाराचा कागद वहिनीसमोर आपटला. तिने तो वाचला, परत वाचला.

"कोड बरोबर आहे," ती म्हणाली.

"काय?"

"नियम असा आहे, ताई. ओपीडीत 'संभाव्य' लिहिलं असेल तर आम्ही तो आजार धरत नाही, नुसती लक्षणं धरतो. पण भरती झालेल्या पेशंटच्या डिस्चार्जवर 'संभाव्य' असेल, तर तो आहे असंच धरून कोड द्यायचा. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी दिलाय. मीही तोच दिला असता."

म्हणजे डॉक्टर बरोबर, कोड बरोबर, परवानेवाले बरोबर. सगळे बरोबर, आणि माझी बस मात्र बदलीवाल्याकडे. मी म्हटलं, "मग आता बदलून टाक."

"मी नाही बदलू शकत. घरच्यांची फाइल आम्ही उघडत नाही."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! अगं, तू त्याच खोलीत बसतेस!"

"म्हणूनच," ती म्हणाली. मग कागद टेबलावर सपाट करत हळूच म्हणाली, "पण हे बदलेल. सरळ दारातून जाऊन बदलेल. आणि बदलेपर्यंत मी कुणाला स्वस्थ बसू देणार नाही."

तिने दुसऱ्याच दिवशी रजा टाकली. मी अर्ज लिहून ठेवला होता: 'मला जंत होते, रक्ताचा आजार नव्हता, ताबडतोब बदला, नाहीतर बघून घेईन.' वहिनीने तो वाचला.

"यात काय घडलं ते कुठे आहे?"

"जंत घडले!"

"ते डॉक्टरांनी म्हणायचं. तू म्हणालीस आणि त्यांनी मान डोलवली, असं दिसता कामा नये. रिपोर्ट कधी आला, गोळ्या कोणत्या घेतल्या, रक्त पुन्हा कधी तपासलं, तेवढं लिही. आणि शेवटी विनंती कर की भरती असतानाच्या निदानाबद्दल डॉक्टरांनी स्पष्टीकरण द्यावं."

"म्हणजे उत्तर माहीत असून वेड पांघरायचं?"

"नाही. उत्तर ज्याने द्यायचं त्याला देऊ द्यायचं."

तीनदा लिहायला लावलं मला. 'बघून घेईन' काढताना मला सगळ्यात जास्त त्रास झाला. मग आम्ही दोघी रुग्णालयाच्या खिडकीपुढच्या रांगेत उभ्या राहिलो, तिच्याच रुग्णालयाच्या. खिडकीतला माणूस वहिनीला बघून उभाच राहिला. "मॅडम, तुम्ही रांगेत कशाला? आत या ना, द्या इकडे."

"मी आज नातेवाईक आहे," वहिनी म्हणाली. "आमचा नंबर आला की देऊ."

पुढे दोन म्हातारे, एक बाळंतीण आणि प्लास्टर घातलेला एक पैलवान. माझे पाय भरून आले. पण ही बाई खांबासारखी उभी. अर्ज दिला, शिक्का घेतला, पोच घेतली, आणि पोचपावती माझ्या हातात दिली. "ही तुझ्याकडे. माझ्याकडे नको."

आता खरी वाट बघायची पाळी. अर्ज शेजारच्या बाईंकडे गेला, त्यांनी मोठ्या डॉक्टरांना लेखी विचारलं, आणि मोठे डॉक्टर रजेवर. सुट्टी संपत आली. मी रोज कोडिंगच्या मजल्यावर चकरा मारायला लागले. एकदा वहिनीच्या विभागप्रमुख बाई जिन्यात भेटल्या. चांगल्या मनाच्या बाई. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्या वहिनीला मी म्हटलं, ओपीडीचा कागद आहेच, तूच बसून दुरुस्त कर, पाच मिनिटांचं काम. मी काही बघितलं नाही म्हणेन. पण ऐकायलाच तयार नाही हो."

म्हणजे होत होतं! पाच मिनिटांत होत होतं, आणि हिने नाही म्हटलं!

घरी पोचेपर्यंत माझा आवाज गल्लीत आधी पोचला होता. दादा दारातच म्हणाला, "आज भोंगा जोरात आहे." मी त्याला ढकलून आत गेले.

"माझी बस जाऊ दे, पण तुझा नियम राहू दे! सख्खी बहीण असती तर केलं असतंस ना? नणंद पडले मी!"

वहिनी भांडी पुसत होती. हातातलं ताट तिने खाली ठेवलं. तिला पहिल्यांदाच चिडलेलं बघितलं मी. पण आवाज चढला नाही.

"फाइल उघडली की उघडणाऱ्याचं नाव उमटतं, ताई. पुसता येत नाही. उद्या तो परवान्याचा डॉक्टर म्हणाला, हिच्या वहिनीने आजार पुसून दिला, तर? मग जंत खरे असूनही खोटे ठरतील. डॉक्टरांनी लिहिलेलंसुद्धा खोटं ठरेल. आणि पुढची सगळी वर्षं तू दाखला मागायला गेलीस की तोच डाग दाखवतील. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे त्या खुर्चीत बसून चालत नाही. मला तुझी बस परत हवीय. अशी हवीय की कुणाला बोट ठेवायला जागा नको."

मी पाय आपटत माझ्या खोलीत गेले. पटलं म्हणून नव्हे, रागाने. दोन दिवस मी तिच्याशी अबोला धरला, आणि माझ्यासारखीला अबोला म्हणजे उपासच. ती मात्र रोज दुपारच्या सुट्टीत खिडकीच्या रांगेत उभी राहून विचारून यायची, 'आमच्या अर्जाचं काय झालं?' खिडकीतला माणूस म्हणे तिला लांबून बघूनच कपाळाला हात लावायचा.

मोठे डॉक्टर रजेवरून आले. त्यांनी प्रश्न वाचला, माझे सगळे रिपोर्ट पुन्हा काढले आणि डिस्चार्जच्या कागदाला पुरवणी लिहिली: भरतीच्या वेळी इओसिनोफिल वाढले ते जंतांच्या संसर्गामुळे, रक्ताचा संभाव्य आजार तपासणीअंती नाकारला, हृदय तपासलं, ते ठीक. शेजारच्या बाईंनी नवा कोड बसवला. मला तो कागद मिळाला तेव्हा शाळा उघडायला अगदी थोडा अवधी उरला होता.

परवान्याचे डॉक्टर कागद सावकाश वाचत होते. मी समोर घाम पुसत उभी. वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, "भरती झालात तेव्हा घरचा फोन नंबर म्हणून जो दिलाय, तो रुग्णालयातलाच आहे. कोण असतं तिथे?"

सांगूच नये असं वाटलं. पण खोटं बोलून काय करणार? "माझी वहिनी."

"काय काम करते?"

"हेच. कोड देते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "असं होय," म्हणाले. तो 'असं होय' मला नाही आवडला. मग त्यांनी समोरचा कॉम्प्युटर स्वतःकडे वळवला. "दुरुस्तीसोबत रुग्णालय फाइल उघडणाऱ्यांची यादीही आम्हाला पाठवतं, ती मला बघावी लागेल. त्यांचं नाव सांगा."

मी सांगितलं. ते खालून वर वाचत गेले. शेजारच्या बाई, मोठे डॉक्टर, पुन्हा शेजारच्या बाई, तपासणीवाले. मग त्याच्याही मागे गेले, मी भरती होते त्या दिवसांपर्यंत. परिचारिका, डॉक्टर, परिचारिका. एकदा वाचून झालं तर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"नाही," ते म्हणाले. "एकदाही नाही. तुम्ही वरच्या मजल्यावर ॲडमिट होतात तेव्हाही त्यांनी उघडलेली नाही."

"तेव्हाही नाही?"

"नाही. एवढी जवळची माणसं असली की कुणीतरी एकदा तरी डोकावतंच हो. नुसतं बघायला." मग त्यांनी दाखल्यावर सही केली, शिक्का मारला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "जा, मुलांना घेऊन जा शाळेत. आणि चपला घालत जा."

मी दाखला घेऊन बाहेर आले आणि ट्रकवाल्यांच्या बाकावर मटकन बसले. नाचायला हवं होतं मी. पण डोळ्यांसमोर ते लोखंडी स्टूल आलं. म्हणजे ती खरंच विचारत होती! मी मरणार की वाचणार हे तिला ठाऊक नव्हतं. खाली तिच्या बोटाखाली सगळं होतं, एक बटण दाबलं असतं तर कळलं असतं. ते न दाबता ती दिवसभर दुसऱ्यांच्या आजारांना नंबर देत बसायची, आणि संध्याकाळी जिना चढून माझ्या तोंडून ऐकायला यायची. आणि मी तिला काय ऐकवत होते, तर 'अजून जिवंत आहे'. मला तिथेच रडू फुटलं. एका ट्रकवाल्याने विचारलं, "नापास केलं का हो ताई?" मी म्हटलं, "गप रे, पास झालेय," आणि आणखी जोरात रडले.

घरी आले तेव्हा वहिनी नुकतीच कामावरून आली होती. पर्स अजून खांद्याला. माझे सुजलेले डोळे बघून तिचा चेहरा पार उतरला. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, 'नाकारलं ना?' पण प्रश्नात उत्तर घालेल तर ती वहिनी कसली!

"आज काय म्हणाले डॉक्टर?" तिने विचारलं.

मी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं आणि तिला त्यावर बसवलं. दाखला तिच्या मांडीवर ठेवला, आणि वॉर्डातल्या पहिल्या दिवसापासून डॉक्टर काय काय म्हणाले होते ते सगळं तिला सांगायला बसले.